चोरघंटा आणि पोलीस : खोट्या इशाऱ्यांचा इतिहास

चोरघंटा वाजली की पोलिसांनी धावून यावे, असे आपण गृहीत धरतो. ही अपेक्षा कशी वाढली आणि का अडचणीत आली, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहू.

१८५३ मध्ये बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल येथील ऑगस्टस पोप यांनी विद्युतचुंबकीय चोरघंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युत मंडल पूर्ण होऊन घंटा वाजत असे. १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी हे हक्क विकत घेतले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय वाढवला. कालांतराने ग्राहकांच्या तारा मध्यवर्ती केंद्राला जोडल्या गेल्या. इशारा आला की तेथून कंपनीचा माणूस पाहणीला जाई.

पोप यांच्या रचनेत तार कापली की घंटा मुकी होई. म्हणून पुढे सतत प्रवाह वाहणारे मंडल आले. प्रवाह खंडित होणे हाच इशारा ठरला. चोराची वाट बंद झाली. पण सैल जोड किंवा उतरलेली बॅटरीसुद्धा यंत्रणेला चोरच वाटू लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे स्वस्त होऊन घरोघरी पोहोचली. कंपन्या आता स्वतः पाहणी न करता बहुधा पोलिसांनाच फोन करत. अमेरिकी अभ्यासांत ९४ ते ९८ टक्के इशारे खोटे आढळले. कारणे साधी होती : चुकीचा आकडा दाबणे, उघडे राहिलेले दार, पाळीव प्राणी. समजा, १०० पैकी ९६ इशारे खोटे आहेत आणि प्रत्येकासाठी दोन पोलिसांची २० मिनिटे जातात. म्हणजे मनुष्यबळाचे ६४ तास वाया गेले. तेवढा वेळ खऱ्या संकटातील नागरिक वाट पाहत राहतो.

अनेक शहरांनी परवाने आणि दंड लागू केले. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर २००० पासून वेगळा नियम केला : आधी खाजगी रक्षकाने किंवा प्रत्यक्षदर्शीने खात्री करावी, मगच पोलीस येतील. दरोडा किंवा जिवाला धोका असल्याचे बटण दाबल्यास मात्र पोलीस थेट येतात. अशा चोरघंटांवरील पोलीस फेऱ्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या.

आक्षेपही रास्त आहे. खात्री होईपर्यंत खरा चोर निसटू शकतो, आणि रक्षकाचा खर्च शेवटी ग्राहकावरच येतो. पण पूर्वी तो खर्च चोरघंटा नसलेले करदातेही भरत होते.

विचारासाठी प्रश्न : यंत्राच्या चुकीची किंमत कोणी मोजावी – ग्राहकाने, कंपनीने की साऱ्या शहराने?