पोहणाऱ्या हत्तीची मजुरी

अंदमान म्हटलं की आपल्याला काळं पाणी आणि सेल्युलर जेल आठवतं. त्याच बेटांवर हत्तीही राबले, त्यांची आठवण फारशी निघत नाही. इंग्रजांच्या काळापासून लाकूडतोडीसाठी मुख्य भूमीवरून हत्ती आणले गेले. त्यांनी ओंडके ओढायचे आणि एका बेटावरचं काम संपलं की समुद्र पोहून दुसरं बेट गाठायचं. हत्ती मुळातच पोहण्यात तरबेज, सोंड वर धरून श्वास घेतो. माणसाने त्याला शिकवलं ते हुकूम होताच समुद्रात उतरणं.

राजन त्यांतलाच एक. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले आणि लाकूडकामातले हत्ती बेकार झाले. पुढे हॅवलॉक बेटावर राजनचं पोहणं हाच पर्यटकांचा खेळ झाला. लोक पैसे मोजून त्याच्यासोबत पाण्यात उतरत, फोटो काढत. 'द फॉल' या चित्रपटातही तो पोहताना दिसतो. २०१६ मध्ये तो गेला.

त्या फोटोंत राजन मजेत विहरतोय असंच वाटतं. पण ही कला त्याने मजुरी करताना कमावली होती. जंगल वाचवण्याचा निर्णय योग्यच होता. मात्र तिथे राबलेल्या जनावरांच्या म्हातारपणाची सोय कोण करणार, हा प्रश्नही तेव्हाच विचारायला हवा होता.