काजव्यांचा ताल आणि साक्षीचे मोल

सयाममधील नदीकाठच्या झाडांवर असंख्य काजवे एकाच क्षणी उजळतात आणि एकाच क्षणी विझतात, हे एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याने १६९० च्या प्रवासात पाहिले. विज्ञानाने मात्र अशा साक्षींकडे दीर्घकाळ संशयानेच पाहिले. १९१७ साली फिलिप लॉरेंट यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले, की हा ताल काजव्यांचा नसून पाहणाऱ्याच्या पापण्यांच्या उघडझापीचा आहे! जॉन आणि एलिझाबेथ बक यांनी थायलंडमधील काजव्यांची प्रत्यक्ष मोजमापे १९६८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हा आक्षेप निकालात निघाला.

तरीही अमेरिकेत असे काजवे नाहीत, हा समज उरलाच. टेनेसीतील एल्कमाँट येथे लिन फॉस्ट वर्षानुवर्षे हा सोहळा पाहत होत्या. त्यांच्या पत्रामुळे संशोधक तेथे पोहोचले आणि १९९५ साली त्यांची साक्ष शास्त्रमान्य झाली.

पुढे याच जातीचा अभ्यास मृदू पदार्थांच्या भौतिकशास्त्रातून आलेल्या ओरिट पेलेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तंबूत एकट्या ठेवलेल्या काजव्याच्या लुकलुकण्यात ठरावीक अंतर आढळले नाही. संख्या वाढत गेली, तशी नियमितता अवतरली. मृदू पदार्थांचे कित्येक गुणही असेच एका कणात नसतात, कणांच्या परस्परसंबंधांत असतात.

म्हणजे एकेक काजवा तपासून हा ताल सापडलाच नसता. थवा पाहणारी माणसे थव्याविषयी बोलतात, तेव्हा शास्त्राने आधी ऐकावे आणि मग मोजावे, एवढा धडा या तीन शतकांच्या इतिहासातून निश्चितच मिळतो.