जुन्नर-आंबेगावातील व्यावसायिक वीज देयके : भरणा केंद्राच्या खिडकीपासून ऑनलाइन व्यवस्थेपर्यंत

प्रस्तावना

जुन्नरच्या लेण्यांमधील प्राचीन शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो, तसेच वेळूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख आढळतात. ठरावीक मुदतीने देय होणाऱ्या रकमेची नोंद कोणी व किती टिकाऊ स्वरूपात ठेवावी, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा अलीकडचा भाग, म्हणजे व्यवसायाच्या वीज देयकांचे व्यवस्थापन, विचारात घेतला आहे. ऑनलाइन व्यवस्थेमुळे बिल भरणे सुलभ झाले. बिल तपासण्याची व जतन करण्याची जबाबदारी मात्र व्यावसायिकाच्या दप्तरातच राहिली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

छापील बिलाचा काळ

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. विद्युत अधिनियम २००३ नुसार मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ पासून वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्या वेळी राज्याचे ऊर्जा खाते आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील यांच्याकडे होते, ही या तालुक्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

या काळात नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा बाजारगावांतील व्यापारी बिलाचा भरणा वीज कार्यालयाच्या खिडकीवर किंवा पतसंस्थेतील भरणा केंद्रात करीत असे. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेल्यामुळे वीजबिलाची खिडकी बंद राहावी, हा विरोधाभास अनेकांच्या स्मरणात असेल. भरलेले बिल दुकानातील तारेत अडकवले जाई. ही तार हेच त्या व्यवसायाचे देयक-दप्तर होते व त्यात एक शिस्तही होती. सर्वांत वर अखेरचे बिल, तळाशी सर्वांत जुने.

अडचण निराळी होती. येथील व्यावसायिक बहुधा शेतकरीही असतो. त्याच्या विहिरीवरील कृषिपंपाचे बिल तीन महिन्यांनी, दुकानाचे दरमहा, तर दूरध्वनीचे त्याच्या स्वतंत्र चक्राने येई. प्रत्येक वीजजोडणीस बारा अंकी स्वतंत्र ग्राहक क्रमांक असतो. संगणकाच्या लेखी ग्राहक म्हणजे जोडणी. चार जोडण्यांचा मिळून एक व्यवसाय आहे, हे फक्त मालकाला ठाऊक असते. दोन्ही तालुक्यांतील सहकारी साखर कारखान्यांना लेखा विभाग आहे. टोमॅटोच्या आडत्याकडे फार तर एक मुनीम असतो.

भरण्याचे केंद्रीकरण

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला व इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायदेशीर मान्यता मिळाली. पुढे महावितरणच्या संकेतस्थळावरून भरणा सुरू झाला. तथापि प्रत्येक सेवेचे संकेतस्थळ वेगळे होते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये भारत बिल पेमेंट प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वीज, पाणी, गॅस, दूरध्वनी व डीटीएच या पाच प्रकारांपासून आरंभ होऊन सप्टेंबर २०१९ मध्ये तिची व्याप्ती इतर आवर्ती देयकांपर्यंत वाढविण्यात आली. २०२४ मध्ये तिला 'भारत कनेक्ट' हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी व्यवसायांच्या परस्पर देयकांसाठी स्वतंत्र सोय जाहीर झाली. महावितरणनेही छापील बिलाऐवजी ई-बिल घेणाऱ्यांची सवलत डिसेंबर २०१८ पासून प्रतिबिल ३ रुपयांवरून १० रुपये केली.

यातील आर्थिक लाभ किरकोळ समजू नये. वीज नियामक आयोगाच्या दरादेशांत वेळेआधी भरणाऱ्यास १ टक्का सवलत व मुदत चुकविणाऱ्यास १.२५ टक्के विलंब आकार अशी तरतूद राहिली आहे. शीतगृहाचे बिल ४०,००० रुपये धरल्यास, कर व शुल्क बाजूला ठेवून, वेळेवर सूचना मिळणे व न मिळणे यांतील अंतर सुमारे ९०० रुपयांचे होते. ऐन हंगामात, मालक पहाटेपासून बाजार आवारात असताना, मोबाइलवरील सूचना हे अंतर वाचवते.

नोंदीचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. विद्युत अधिनियमाच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. बिलाविषयी वाद असल्यास ग्राहकाला मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरता येते व मग पुरवठा तोडता येत नाही. सरासरी काढायची तर सहा महिन्यांची बिले हवीत, आणि निषेध नोंदवायचा तर तसा अर्ज हवा. भ्रमणध्वनीवरील 'भरणा यशस्वी' हा संदेश रकमेचा पुरावा आहे, वादाचा नव्हे.

याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार, थकबाकी बिलांत सातत्याने दाखविलेली नसेल तर प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेर विद्युत वितरण निगमाच्या खटल्यात या नियमाचा अर्थ लावला. चुकीच्या आकारणीपोटी पुरवणी मागणी दोन वर्षांनंतरही करता येईल, पण तिच्या वसुलीसाठी वीज तोडण्याचा मार्ग अवलंबता येणार नाही, असा तो निर्णय आहे. थकबाकी 'सातत्याने दाखविली होती' की नव्हती, हे ठरते जुन्या बिलांच्या अखंड मालिकेवरून. भरणा केंद्राची थर्मल कागदावरील पावती कालांतराने कोरी होते, आणि भ्रमणध्वनी बदलला की संदेशही जातात.

म्हणूनच या दोन तालुक्यांतील लहान व्यवसायासाठी प्रणाली विकसित करायची तर तिचा आरंभ भरण्याच्या बटणापासून करणे अपुरे ठरेल. एका व्यवसायाखाली त्याचे सर्व ग्राहक क्रमांक, प्रत्येक महिन्याचे मूळ बिल, मीटरवाचनाचे छायाचित्र, दरप्रकार, भरणा संदर्भ क्रमांक आणि केलेल्या तक्रारीची पोच एकत्र राहिली पाहिजे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी साध्या तक्त्यातही हे उभे करू शकतो. तारेतील बिले काढून प्रथम त्यांची तारखेनुसार प्रतिमा घ्यावी लागेल, आणि ती तळापासून घ्यावी लागेल.