आइस हॉकीत मारामारी का चालते?

अमेरिका-कॅनडातील एनएचएल लीगमध्ये दोन खेळाडू ग्लोव्हज फेकून भिडले, तर सहसा दोघांना ५ मिनिटे बाहेर बसवतात. सामना खेळू देतात. यामागचा युक्तिवाद धाकाचा. आमच्या स्टार खेळाडूला आडदांडपणे धडकलात, तर आमचा ‘एन्फोर्सर’ हिशेब चुकता करेल! १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा त्याचा रक्षक मार्टी मॅकसॉर्लीही त्याच सौद्यात गेला. १९९२ मध्ये मारामारी उकरून काढणाऱ्याची शिक्षा कडक झाली. त्यामुळे धाकच गेला, अशी समर्थकांची तक्रार. धाक खरंच बसत होता का, हा वाद आहेच. किंमत मात्र खेळाडूंनी मोजली: २०११ मध्ये २८ व्या वर्षी वारलेल्या एन्फोर्सर डेरेक बुगार्डच्या मेंदूत डोक्यावरच्या वारंवार आघातांशी जोडला जाणारा सीटीई आजार आढळला.