स्वस्त कशाला म्हणायचं? घोडनदी आणि दौंडच्या बायकांचा पुण्याचा बाजार

उन्हाळा तोंडावर आला की शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या गटांच्या बैठकीत एकच विषय निघतो. मसाला करायचा, कुरडया-पापड करायचे, तर मिरची कुठून आणायची? मोठी पातेली, परात, झारे कुठं घ्यायचे? आणि शेवटी ठरलेला प्रश्न, पुण्यात स्वस्त कुठं मिळतं? आम्ही गटांचं काम पाहणाऱ्या जणी या प्रश्नाला आज जरा लांबून उत्तर देणार आहोत. पुण्यातली प्रत्येक आळी, प्रत्येक बाजार कशासाठी वसला हे कळलं, की तिथं काय स्वस्त मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आपोआप कळतं. गटानं कर्ज काढलेला पैसा हातात असतो तेव्हा ही माहिती उपयोगी पडते.

आपल्या आज्या-पणज्यांना पुण्याला जायची गरज फारशी पडत नव्हती. आठवडे बाजार होता, जत्रा होती आणि दारावर येणारी बोहारीण होती. जुनी लुगडी, धोतरं, सदरे घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात भांडं द्यायचं, हा तिचा धंदा. एका पातेल्यासाठी किती कपडे, यावर ओसरीत तासभर घासाघीस चालायची. घरात रोकड पुरुषाच्या हाती असायची. जुने कपडे मात्र बाईच्या हाती. त्यामुळं नवऱ्याला न विचारता बाईनं केलेली खरेदी बहुधा बोहारणीकडूनच व्हायची.

धान्य मापानं मिळायचं. शेर, अधोली, पायली ही मापं. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. पण या गावचा शेर आणि त्या गावचा शेर सारखा असेलच असं नव्हतं. देताना एक माप आणि घेताना दुसरं, हेही चालायचं. ‘मापात पाप’ हा शब्द काही उगाच पडलेला नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलो-ग्रॅम येऊ लागले, आणि सगळीकडं एकच वजन झालं. स्वस्त-महाग पडताळून पाहणं तेव्हापासून सोपं झालं, कारण आता दोन दुकानांचे भाव एकाच मापानं ताडता येऊ लागले.

पुणं जवळ आणलं ते रस्त्यानं आणि रेल्वेनं. शिरूरला आपण अजून घोडनदी म्हणतो. इंग्रजांच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती आणि पुणे-नगर रस्ता गावातूनच जायचा. दौंडला रेल्वे आली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड मोठं जंक्शन बनलं. आणि १ जून १९४८ ला राज्यातली पहिली एस.टी. धावली, तीही पुणे आणि नगर यांच्या दरम्यान, आपल्या शिरूरवरून. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं. तरीसुद्धा हिशोब करताना तिकीट विसरायचं नाही. दोन पातेल्यांसाठी आठ जणी गेल्या, तर भांड्यांत वाचलेले पैसे तिकिटात आणि चहा-वड्यात जातात.

आता पुण्यात उतरू. भांड्यांची सगळ्यांत जुनी जागा म्हणजे कसबा पेठेतली तांबट आळी. तांबट मंडळी मूळची कोकणातली. पेशवाईत ती पुण्यात स्थिरावली. तांब्याचा पत्रा हातोडीनं ठोकून ठोकून भांडं घडवायचं, हे त्यांचं काम. त्या ठोक्यांचे गोल गोल ठसे भांड्यावर दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोके नुसते शोभेचे नसतात. ठोकल्यानं पत्रा कडक होतो, भांडं लवकर चेपत नाही. बंब, घंगाळ, हंडा, तपेली हे सगळं इथं घडलं. तांब्या-पितळेचं भांडं वजनावर विकलं जातं, त्यात घडणावळ मिळवतात. म्हणून इथं भाव विचारताना दोन गोष्टी वेगळ्या विचारायच्या: धातूचा किलोचा दर काय आणि घडणावळ किती. ठोकणाऱ्या हाताची मजुरी पाडून मागू नये असं आम्हाला वाटतं. आपणही हातानंच काम करतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते. भांडं तापवायचं, नवसागर टाकून साफ करायचं आणि कथलाचा पातळ थर कापडानं फिरवायचा. पूर्वी कल्हईवाला गावोगाव फिरायचा. तो यायचा बंद झाला आणि पितळेची भांडी माळ्यावर गेली. त्याच सुमाराला, साधारण १९६० नंतरच्या काळात, स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं. त्याआधी अॅल्युमिनियम आलं होतं, ज्याला आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात. स्टीलला कल्हई नको, चिंच-राख नको. बाईचं काम कमी झालं, हे खरंच आहे. पण त्या हौसेत किती घरांनी पाच-पाच किलोचे हंडे मोडीत घालून त्यावर हलकी स्टीलची ताटं आणली! मोडीचा भाव दुकानदार सांगेल तो. आजही जुनं पितळ विकायचं असेल तर आधी घरी वजन करा, त्या दिवशीचा मोडीचा दर दोन ठिकाणी विचारा, आणि मगच ते हातातून सोडा.

तुळशीबाग सगळ्यांना माहीत आहे. मधलं राममंदिर पेशव्यांचे सरदार नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी बांधायला घेतलं. काम १७६१ च्या सुमाराला सुरू झालं आणि पुढं कित्येक वर्षं चाललं. देवळाला बायका यायच्या, म्हणून भोवती बायकांना लागणाऱ्या वस्तूंची दुकानं वसली: देवाची उपकरणी, पितळेच्या मूर्ती, पोळपाट-लाटणं, किसणी, पोरींची भातुकली. इथं एकेक नग घ्यायला बरं. पण गटाला शंभर माणसांच्या स्वयंपाकाची भांडी हवी असतील तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जावं. तिथले बोहरी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या घाऊक माल विकतात. हॉटेलवाले, केटरिंगवाले तिथंच घेतात. स्टील घेताना ‘लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे चांगलं’ यावर विसंबू नका. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि मीठ-आंबट लागून ते लवकर डागाळतं. लोणच्यासाठी, चिंचेच्या कोळासाठी ३०४ मागा आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. आणि जुनंही चालणार असेल, तर बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजार आहे. तिथं बिडाची कढई, खलबत्ता, जुना तवा मिळून जातो. बिडाचं भांडं घेताना बोटानं वाजवून बघावं. चीर गेली असेल तर आवाज बद्द येतो.

मंडईचा इतिहास मात्र प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवा. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. मग नगरपालिकेनं मोठी दगडी इमारत बांधली. १८८६ मध्ये ती सुरू झाली आणि तेव्हाच्या गव्हर्नरांच्या नावानं तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. जोतिराव फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि बाजाराच्या इमारतीवर लाखो रुपये कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. हा माणूस भाजी-फुलांचा धंदा घरात पाहिलेला. शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. आज आपण मंडईत मेथीच्या जुडीवर दोन रुपये पाडून मागतो, तेव्हा ती मेथी यवतची किंवा शिक्रापूरची असू शकते. ते दोन रुपये व्यापाऱ्याच्या खिशातून जातात की शेतात वाकलेल्या आपल्याच बहिणीच्या मजुरीतून, हा प्रश्न फुल्यांच्या काळापासून तसाच उभा आहे.

किराणा आणि मसाल्याचा घाऊक बाजार पूर्वी नाना पेठ, भवानी पेठेत होता. पुढं तो गुलटेकडीला, मार्केट यार्डात गेला. मिरची, धने, खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं तिथं पोत्यानं असतं. पण तिथं भाव ऐकून भुलायचं नाही. हिशोबाला सोपं जावं म्हणून समजा, देठाची मिरची १०० रुपये किलो आहे आणि आपण १० किलो घेतली. निवडताना देठ आणि पांढरी पडलेली मिरची मिळून दीड किलो गेली. हाती साडेआठ किलो राहिली, म्हणजे किलोला जवळजवळ ११८ रुपये पडले. शेजारी देठ काढलेली ११५ ला होती, ती ‘महाग’ म्हणून आपण सोडली! शिवाय निवडायला दोन जणींचा दिवस गेला तो वेगळा. मिरची ओलसर असेल तर पाण्याचेही पैसे जातात. मुठीत दाबल्यावर ती कडकड मोडली पाहिजे. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर किंवा लवंगी, हे प्रमाण आधी ठरवून जा. काजूवर ‘२४०’, ‘३२०’ असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, इतके काजू बसतात असा त्याचा अर्थ. आकडा वाढला की काजू बारीक आणि भाव कमी. वाटणालाच लागणार असेल तर तुकडा घ्यावा, चव तीच.

एवढं सगळं एकट्या बाईला जमत नाही, आणि ते बायकांनी फार पूर्वीच ओळखलं. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडं बायका खडी फोडत होत्या, पोरं सुकडीवर जगत होती. त्याच दिवसांत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. हातात लाटणं आणि थाळी. तो लाटणं-मोर्चा इतिहासात गेला. त्यानंतर १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं राहिलं, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही घरांचा मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र करायची, माल थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक आणायचा आणि आपणच वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. वजन-वाटपाचं काम बहुतेक बायकाच करत. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ मध्ये विणकर आणि इतर कामगारांनी असंच केलं होतं: पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या, एवढ्याच मालाचं दुकान, भेसळ नाही, उधारी नाही, आणि नफा ज्यानं जेवढं घेतलं त्या प्रमाणात परत.

आपला बचत गट याच वाटेवरचा आहे. आपण पैसे एकत्र करायला शिकलो, पण खरेदी अजून जिची तिची करतो. दहा गटांनी मिळून मिरचीची एकच यादी केली, दोघी-तिघींनाच पाठवलं, वजन समोर केलं आणि पक्कं बिल घेतलं, तर भाव ठरवताना आपला शब्द चालेल. बिलाचा आग्रह धरा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेला आणि २०१९ च्या नव्या कायद्यात कायम राहिलेला हक्क बजावायला हातात कागद लागतो.

आणि आता बाजू उलटली आहे, हेही लक्षात ठेवू. दर हिवाळ्यात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा आपलाच मुलूख, तट्टांसाठी नावाजलेला. तिथं राज्यभरच्या गटांच्या बायका हुलग्याचं पीठ, काळा मसाला, मांडे, खपली गव्हाच्या शेवया विकतात. शहरातल्या बायका ‘खास गावाकडचं’ म्हणून येतात आणि विचारतात, ‘ताई, कमी करा ना.’ त्या वेळी उत्तर तयार हवं. मिरचीचे इतके, दळणाचे इतके, डब्याचे इतके, गाडीभाड्याचे इतके, आणि आमच्या दिवसाच्या मजुरीचे इतके. गटाच्या वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी मजुरीचा रकाना आजच आखून घ्या. बऱ्याच वह्यांत तो अजून नाही.