फॉलिक अ‍ॅसिडची गोळी: गर्भधारणेच्या आधीपासून का घ्यावी?

कृष्णराजनगर तालुक्यातील (जि. म्हैसूर) मराठी भाषक लाभार्थी महिला व कुटुंबांसाठी माहिती

थोडक्यात

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेपासून तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोपर्यंत बहुतेक महिलांना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर लगेच फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करावी. नाव नोंदणीची वाट पाहू नये.

दोष कसा होतो?

ही नलिका पूर्ण बंद झाली नाही, तर पाठीचा कणा उघडा राहतो (स्पायना बायफिडा) किंवा मेंदू व कवटीची वाढ होत नाही. याला न्यूरल ट्यूब दोष म्हणतात. कण्याच्या दोषामुळे बाळाच्या पायांत बळ नसणे, लघवी-शौचावर ताबा नसणे, डोक्यात पाणी साठणे असे त्रास होऊ शकतात. कवटीची वाढ न झालेले बाळ जगत नाही. हा दोष ग्रहणामुळे किंवा आईच्या चुकीमुळे होत नाही. आनुवंशिकता, काही आजार व औषधे आणि जीवनसत्त्वांची कमतरता ही त्याची कारणे आहेत. यातील कमतरता आपण भरून काढू शकतो.

गोळी किती व केव्हा?

• गर्भधारणेपूर्वी व पहिले तीन महिने: फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम, रोज एक.
• चौथ्या महिन्यापासून: लोह ६० मिलिग्रॅम व फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅमची लाल गोळी, रोज एक, किमान १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस.

अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात आठवड्यातून एकदा मिळणारी लाल गोळी रक्तक्षय टाळण्यासाठी आहे. ती रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीला पर्याय नाही. मूल हवे असल्यास आशाताई किंवा उपकेंद्रातील आरोग्य सहायिकेला तसे स्पष्ट सांगावे.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

पूर्वीच्या बाळाला असा दोष असलेल्या, फिट्सची औषधे घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या महिलांनी. पूर्वी असे बाळ झालेल्या महिलांना ४ मिलिग्रॅमची मोठी मात्रा दिल्यास दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले. ही मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नये.

बी १२ विसरू नका

म्हैसूर शहरात झालेल्या एका अभ्यासात ४३ टक्के गर्भवतींमध्ये बी १२ जीवनसत्त्व कमी आढळले, तर फॉलिक अ‍ॅसिड केवळ ४ टक्क्यांमध्ये कमी होते. बी १२ कमी असलेल्या मातांच्या बाळांत न्यूरल ट्यूब दोषाचा धोका जास्त असल्याचे आयर्लंडमधील २००९ च्या अभ्यासात दिसले. पालेभाज्या व कडधान्यांतून फॉलेट मिळते, पण बी १२ मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांसातून मिळते. शाकाहारी महिलांनी रोज दूध-दही घ्यावे आणि बी १२ च्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कोठे काय मिळते?

• उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र: गोळ्या मोफत, नाव नोंदणी व तायी कार्ड.
• अंगणवाडी: ‘मातृपूर्ण’ योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना दुपारचे गरम जेवण, दूध व अंडे.
• दर महिन्याच्या ९ तारखेला: प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी.
• १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी: बहुतेक मोठे दोष यात दिसतात. ही तारीख चुकवू नये.

बाळाला दोष आढळल्यास

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी व उपचारासाठी मदत मिळते. न्यूरल ट्यूब दोष या यादीत आहे. बाळाच्या पाठीवर गाठ किंवा उघडी जखम दिसल्यास ती स्वच्छ ओल्या कापडाने झाकून बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ या क्रमांकावर फोन करावा.