आयाळ आणि शेपूट

घोड्याच्या अंगावरची लव ऋतूप्रमाणे झडते आणि नवी येते. आयाळ आणि शेपटीचे केस मात्र वाढतच राहतात. मंगोलियातला प्रझेवाल्स्की जातीचा रानघोडा याला अपवाद आहे. त्याची आयाळ आखूड आणि ताठ उभी असते, आणि ती दरवर्षी गळून नव्याने उगवते. पाळीव घोड्याची आयाळ लोंबते, गुंतते, तिच्यात गोखरू अडकतात. तिच्याकडे लक्ष देणे मग माणसालाच भाग पडते. शेपटीचे दोन भाग असतात. आत सरासरी अठरा मणक्यांचा हाडामासाचा दांडा आणि त्यावर लांब केसांचा झुपका. केस कापले तर पुन्हा येतात, दांडा छाटला तर तो कायमचा जातो. या साध्या भेदावरून माणसांत बरेच वाद झाले आहेत, आणि कायदेही.

घोड्याच्या केशकर्तनाचा सर्वांत प्रत्यक्ष प्राचीन पुरावा अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथील थडग्यांत सापडला. इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांतली ही थडगी बर्फाने गोठून राहिली, त्यामुळे सरदारांबरोबर पुरलेल्या घोड्यांची कातडी आणि केसही टिकले. पुरातत्त्वज्ञ ग्र्याझ्नोव्ह यांनी १९२९ मध्ये आणि रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ या काळात ती उकरली. या घोड्यांची आयाळ आखूड कापलेली होती, तिच्यावर नमद्याची किंवा चामड्याची आच्छादने चढवलेली होती आणि शेपट्यांच्या वेण्या घातलेल्या होत्या. धावत्या घोड्यावरून बाण सोडणाऱ्याला उडती आयाळ आड येते, म्हणून ती कापत असावेत, असे अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. ते पटण्यासारखे आहे. पण कापलेल्या आयाळीवर पुन्हा नक्षीदार झाकण घालण्याची हौस एवढ्याने उलगडत नाही. याच थडग्यांत मिळालेल्या प्रसिद्ध गालिच्यावरही घोडे विणलेले आहेत, आणि त्यांच्या शेपट्यांना गाठी मारलेल्या आहेत. असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या सिंहाच्या शिकारीच्या शिल्पपटांत, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकात, घोड्यांच्या शेपट्या मध्यावर आवळून बांधलेल्या दिसतात.

ग्रीकांमध्ये शिल्पकार आणि लेखक यांचे एकमत दिसत नाही. अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पपट्टीवरच्या घोड्यांची आयाळ भादरून ताठ उभी ठेवलेली आहे. पण त्याच शहरातला झेनोफन, ज्याने इ.स.पू. चौथ्या शतकात घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला, केस वाढवावेत असेच सांगतो. कपाळावरची झुलपे डोळ्यांवरच्या माशा वारतात, शेपूट जितकी लांब तितकी ती दूरवर पोचते, आणि आयाळ दाट असली की स्वाराला धरायला भरपूर केस मिळतात. हे शेवटचे कारण आजच्या वाचकाला गमतीचे वाटेल, पण ग्रीकांकडे रिकीब नव्हती. घोड्यावर उडी मारून बसायचे तर आयाळीचाच आधार. म्हणून झुलपे, आयाळ आणि शेपूट पाण्याने धुवावी, असे तो बजावतो. खेचरे पैदा करणाऱ्यांचा एक उद्योगही त्याने नोंदवला आहे. आयाळदार घोडी गाढवाला जवळ येऊ देत नाही, म्हणून हे लोक घोड्यांच्या माद्यांची आयाळ कापून टाकत. सौंदर्य गेले की घोडीचा ताठा उतरतो, ही समजूत त्यामागे होती.

शोकातही केस कापले जात. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटिआच्या लढाईआधी इराणी सरदार मासिस्टिअस पडला, तेव्हा इराण्यांनी स्वतःचे केस कापलेच, घोड्यांचे आणि ओझ्याच्या जनावरांचेही कापले, असे हिरोडोटस सांगतो. जिवलग मित्र हेफेस्टिऑन वारल्यावर अलेक्झांडरने सैन्यातल्या घोड्यांच्या आणि खेचरांच्या आयाळी व शेपट्या कापायला लावल्या, असे प्लुटार्कने लिहिले आहे. फिरदौसीच्या शाहनाम्यातही राजपुत्र इस्फंदियाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घोड्याची आयाळ आणि शेपूट कापल्याचा प्रसंग येतो. मालकाबरोबर त्याचा घोडाही सुतकात, असा हा हिशेब.

भारतात मात्र जुन्या ग्रंथांतून दिसतो तो केस राखण्याचा आणि सजवण्याचा कल. शतपथ ब्राह्मणातल्या अश्वमेधाच्या वर्णनात राजाच्या राण्या घोड्याच्या केसांत प्रत्येकी १०१ मणी ओवतात. त्याचे कारणही ग्रंथकाराने दिले आहे. घोडा भिजवला की त्याचे केस गळतात. हवनाआधी हविर्द्रव्य सांडावे तसे ते होते, आणि मणी ओवून हे सांडलेले गोळा केले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मामला यज्ञाचा नाही, कारभाराचा आहे. अश्वाध्यक्षाच्या हाताखाली घोडे बांधणारा, वैरण आणणारा, चंदी शिजवणारा, तबेल्याचा राखणदार, विषवैद्य अशी माणसे सांगितली आहेत आणि त्यांच्यात केशकारही आहे. घोड्यांचा न्हावी सरकारी नोकरीत होता, हे मोठे अर्थपूर्ण आहे. कामात चुकला तर त्या दिवसाचे वेतन कापावे, हा नियम त्यालाही लागू. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान आणि गंधमाला, आणि आश्विनाच्या नवमीला नीराजना, म्हणजे ओवाळण्याचा विधी, हेही त्याच प्रकरणात येते. दसऱ्याच्या सुमारास घोडे धुऊन, सजवून पूजण्याची चाल त्या काळापर्यंत मागे जाते.

शिवकालीन पागेची घडी सभासद बखरीत आली आहे. दर २५ घोड्यांमागे पाणी आणणारा एक पखालजी आणि एक नालबंद. केसांसाठी वेगळा माणूस या यादीत नाही. खरारा करणे, दाणा-वैरण, धुणेपुसणे हे मोतद्दाराकडेच, म्हणजे घोड्याच्या चाकराकडेच, असे, आणि आयाळ विंचरणे त्यातच आले. मोगल आणि राजपूत चित्रांत घोड्यांचे पाय आणि शेपटीची टोके मेंदीने लालसर रंगवलेली दिसतात. कापण्यापेक्षा रंगवण्याकडे इथला ओढा होता. इस्लामी परंपरेचे पाठबळही केस राखण्याला होते. नवव्या शतकातल्या अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात घोड्याची झुलपे, आयाळ आणि शेपूट कापू नये असे सांगितले आहे. शेपूट हा त्याचा पंखा, आयाळ ही त्याची ऊब आणि झुलपांत बरकत, असा त्याचा आशय.

चीनमध्ये तांग काळात आयाळ कापण्याची कलाच झाली. सम्राट ताइझोंगच्या सहा लढाऊ घोड्यांची दगडी शिल्पे सातव्या शतकात त्याच्या समाधीसाठी कोरली गेली. त्यांची आयाळ आखूड कापून तिच्यात तीन झुपके बुरुजांसारखे उभे ठेवले आहेत, आणि शेपट्या बांधलेल्या आहेत. अशा घोड्याला ‘तीन फुलांचा घोडा’ म्हणत. मध्य आशियातल्या तुर्की टोळ्यांतही ही धाटणी होती. सहांपैकी दोन शिल्पे आज अमेरिकेत फिलाडेल्फियात आहेत, चार शिआनमध्ये.

तुर्कांमध्ये शेपटीला गाठ मारणे म्हणजे लढाईला सज्ज होणे. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईपूर्वी सुलतान अल्प अर्सलानने पांढरी वस्त्रे घातली आणि घोड्याची शेपूट स्वतःच्या हाताने बांधली, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. कापलेल्या शेपटीलाही मान होता. उस्मानी साम्राज्यात काठीला लावलेल्या घोड्याच्या शेपट्या ही हुद्द्याची खूण असे, आणि वजिराला तीन शेपट्या मिळत. मोगलांच्या निशाणांवर मात्र तिबेटी वनगाईची, म्हणजे याकची, शेपटी आली. आपल्याकडची चवरीही वनगाईचीच.

आतापर्यंतची सारी कापाकापी केसांची होती. युरोपात, विशेषतः इंग्लंडात, दांडाच छाटण्याची चाल पडली. इ.स. ७८६-७८७ मध्ये पोपच्या दूतांनी इंग्लंडात भरवलेल्या धर्मसभांनी घोड्यांच्या नाकपुड्या चिरणे आणि शेपट्या छाटणे हा अधर्मी रिवाज म्हणून निषिद्ध ठरवला. रिवाज काही थांबला नाही. शेपूट छाटणे हा मालकाचा अपमान करण्याचा मार्गही झाला. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या ओझ्याच्या घोड्याची शेपूट २४ डिसेंबर ११७० रोजी रॉबर्ट द ब्रोक याने कापवली. दुसऱ्या दिवशी, नाताळच्या प्रवचनानंतर, बेकेटने त्याला धर्मबहिष्कृत केले, आणि २९ तारखेला खुद्द बेकेटचाच खून झाला. पुढे अशी दंतकथा पसरली की शेपूट कापणाऱ्या गावकऱ्यांच्या वंशजांना शेपट्या फुटल्या. इंग्रजांचे शत्रू त्यांना ‘शेपटीवाले’ म्हणून चिडवत, त्याला या कथेने आणखी जोर आला.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ही चाल कळसाला पोचली. गाडीच्या घोड्याने लगाम शेपटीखाली दाबून धरला तर गाडीवानाचा ताबा सुटतो, चिखलाच्या रस्त्यावर लांब शेपूट माखते, हे तिचे व्यावहारिक समर्थन. खरे तर बांधलेल्या शेपटीने हे दोन्ही प्रश्न सुटतात, आणि अल्ताईच्या स्वारांना ते ठाऊक होते. कारण उरते ते फॅशनचे. शिंगरू किंवा तरुण घोडा पकडून दांडा धारदार हत्याराने छाटत आणि लाल तापलेल्या लोखंडाने जखम डागत. त्यावरही समाधान नसे. शेपूट ऐटीत वर राहावी म्हणून तिला खाली ओढणारे स्नायू कापत आणि जखम भरेपर्यंत ती कप्पीच्या दोरीने वर टांगून ठेवत. अशा घोड्याला मग उन्हाळ्यात माशा हाकता येत नसत. ॲना सिवेलच्या १८७७ मधल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत सर ऑलिव्हर नावाचा म्हातारा घोडा आपली शेपूट कशी गेली ते सांगतो. वाचकांच्या मनात या चालीविषयी घृणा निर्माण करण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतही आखूड शेपटीचे घोडे सर्रास होते. नाताळात सगळीकडे वाजणाऱ्या १८५७ मधल्या ‘जिंगल बेल्स’ गाण्यातला घोडा तसलाच आहे.

मोटारींनी गाडीचा घोडा रस्त्यावरून हटवला, आणि मगच कायदा आला. ब्रिटनच्या संसदेने १९४९ मध्ये घोड्यांच्या शेपट्या छाटणे आणि शेपटीचे स्नायू कापणे या दोन्हींवर बंदी घातली. आजार किंवा दुखापतीमुळे गरज असल्याचे पशुवैद्याने लिहून दिले तरच सूट ठेवली.

केसांची निगा मात्र आजही चालू आहे, आणि तिची तऱ्हा कामावर ठरते. पोलोच्या घोड्याची आयाळ पूर्ण भादरतात, कारण लगाम आणि काठी तिच्यात अडकते. त्याची शेपूट वेणी घालून वर बांधतात. प्रदर्शनातल्या घोड्याची आयाळ थोडी थोडी उपटून विरळ करतात, तिच्या छोट्या वेण्या घालतात आणि शेपटीचे टोक सरळ रेषेत कापतात. नॉर्वेच्या फ्योर्ड घोड्याच्या आयाळीत मधले केस काळे आणि बाजूचे पांढरे असतात. ती चंद्रकोरीसारखी कापतात, मधली काळी पट्टी किंचित उंच ठेवून. शेपटीच्या केसांना दुसरे आयुष्य वाद्यांत मिळते. व्हायोलिनच्या गजाला सुमारे १५० ते २०० केस लागतात, आणि सारंगीचा गजही याच केसांचा.

आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत येणारे काठेवाडी आणि मारवाडी घोडे लांब आयाळीचे असतात, तेल लावून विंचरलेले. शेपूट छाटण्याचे म्हणाल तर, भारतातल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराचा अवयव तोडणे गुन्हा ठरवले आहे. शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीने करण्याची सूट त्यात आहे. घोड्याची शेपूट छाटणे त्या सवलतीत बसत नाही.